रशियातला विरोध : रस्त्यावरचा आणि राजकारणातला

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि जगभर एकच प्रश्न विचारला जाऊ लागला : रशियन लोक रस्त्यावर का उतरत नाहीत? या प्रश्नामागे एक समज दडलेला असतो. रशियन माणूस सोशीक, सत्ताधीशाला मायबाप मानणारा, म्हणून तो उठत नाही, असा तो समज. गेल्या साठ वर्षांचा वृत्तान्त पाहिला तर तो टिकत नाही. रशियात लोक वारंवार रस्त्यावर आले आहेत. कधी महागाई झाली म्हणून, कधी मते चोरीला गेली म्हणून, कधी गावाजवळचा डोंगर वाचवायला. काही वेळा त्यांनी सरकारला माघारही घ्यायला लावली. खरा अवघड प्रश्न पुढचा आहे. गावोगावचा हा संताप आणि राजधानीतला राजकीय विरोध एकत्र का आले नाहीत? अभ्यासकांमधला वाद याच प्रश्नाभोवती फिरतो.

मराठी वाचकाला रशिया ठाऊक आहे तो प्रामुख्याने १९१७च्या क्रांतीमुळे, अनुवादित कादंबऱ्यांमुळे आणि अण्णाभाऊ साठे यांच्या ‘माझा रशियाचा प्रवास’सारख्या पुस्तकामुळे. सोव्हिएत काळातला आणि त्यानंतरचा विरोधाचा इतिहास आपल्याकडे तुकड्यातुकड्यांनीच पोहोचला. म्हणून आधी थोडी पूर्वपीठिका.

दोन वेगळ्या वाटा

जून १९६२ मध्ये दक्षिण रशियातल्या नोवोचेर्कास्क शहरात मांस आणि लोण्याचे भाव वाढले. त्याच सुमारास तिथल्या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात कामाचे दर उतरवले गेले होते. कामगारांनी मोर्चा काढला, सैनिकांनी गोळ्या झाडल्या, वीसहून अधिक माणसे मेली. पुढे काही जणांना देहदंड झाला आणि ही सगळी घटना सोव्हिएत राजवट खिळखिळी होईपर्यंत दडपून ठेवली गेली. सहा वर्षांनी, २५ ऑगस्ट १९६८ रोजी, चेकोस्लोव्हाकियावरील आक्रमणाचा निषेध करायला आठ जण मॉस्कोच्या लाल चौकात फलक घेऊन बसले. काही मिनिटांतच त्यांना उचलले गेले. एकीकडे पोटाचा प्रश्न घेऊन निघालेले हजारो कामगार, दुसरीकडे तत्त्वासाठी बसलेले मूठभर सुशिक्षित. या दोन वाटा तेव्हा एकमेकींना मिळाल्या नाहीत.

मिळाल्या त्या १९८९ मध्ये. त्या वर्षी जुलैत कुझबास, दोनबास आणि व्होर्कुता इथल्या खाणकामगारांनी संप केला. सुरुवातीच्या मागण्यांमध्ये अंघोळीच्या साबणाचाही समावेश होता. लवकरच त्यांत राजकीय मागण्या मिसळल्या. ४ फेब्रुवारी १९९० रोजी मॉस्कोत लाखोंचा मोर्चा निघाला. मागणी होती राज्यघटनेतले सहावे कलम, म्हणजे कम्युनिस्ट पक्षाची मक्तेदारी, रद्द करण्याची. मार्चमध्ये ते कलम बदलले गेले. खाणीतला कामगार आणि मॉस्कोतला शास्त्रज्ञ एकाच बाजूला उभे राहिले की काय घडते, याचे रशियातले हे सर्वांत ठळक उदाहरण.

पण पुढच्या दशकाने त्या विजयाचे तेज घालवले. ऑक्टोबर १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांनी संसदेवर रणगाडे चालवले. पगार महिनोन्‌महिने थकले. लोकशाही आणि हालअपेष्टा या दोन गोष्टी अनेकांच्या मनात एकत्र बसल्या, त्या कायमच्या. त्या काळातही संप खूप झाले. पण ग्रॅम रॉबर्टसन या अभ्यासकाने दाखवून दिले की त्यांतले बरेचसे प्रादेशिक गव्हर्नरांच्या मॉस्कोशी चाललेल्या ओढाताणीशी जोडलेले होते. गव्हर्नर आणि केंद्र यांचे बिनसले की त्या प्रदेशात संप वाढत. पुतिन यांनी २००४ मध्ये गव्हर्नरांच्या थेट निवडणुकाच बंद केल्या, तेव्हा ही झडपही बंद झाली.

याच काळात विरोधकांची एक विभागणी पक्की झाली. झ्युगानोव यांचा कम्युनिस्ट पक्ष किंवा झिरिनोव्स्की यांचा पक्ष हे व्यवस्थेतले विरोधक. ते ड्यूमात, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, बसतात, टीका करतात, मात्र क्रेमलिनने आखलेली रेषा सहसा ओलांडत नाहीत. गॅरी कास्पारोव, बोरिस नेम्त्सोव, एदुआर्द लिमोनोव हे व्यवस्थेबाहेरचे. त्यांना निवडणूक लढवायची वाटच मिळत नव्हती, म्हणून ते रस्त्यावर उतरले. ‘याब्लोको’ आणि ‘उजव्या शक्तींची आघाडी’ हे दोन्ही उदारमतवादी पक्ष २००३ मध्ये पाच टक्क्यांची अट पार करू शकले नाहीत आणि तेव्हापासून पक्षाच्या यादीतून ड्यूमात परतले नाहीत.

बोलोत्नाया चौक

सप्टेंबर २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष मेद्वेदेव आणि पंतप्रधान पुतिन यांनी पदांची अदलाबदल जाहीर केली. ४ डिसेंबरच्या ड्यूमा निवडणुकीत सत्ताधारी ‘संयुक्त रशिया’ला ४९ टक्के मते दाखवली गेली. मतदान केंद्रांवरचे गैरप्रकार लोकांनी मोबाइलवर टिपले आणि ते देशभर पाहिले गेले. मॉस्कोतल्या मतदानाबद्दल एक अभ्यास आवर्जून सांगण्याजोगा आहे. रूबेन एनिकोलोपोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी १५६ मतदान केंद्रे निवडली आणि तिथे स्वतंत्र निरीक्षक बसवले. त्या केंद्रांवर ‘संयुक्त रशिया’ला सुमारे ३६ टक्के मते पडली, बाकीच्या केंद्रांवर सुमारे ४७. म्हणजे नुसते निरीक्षक बसल्याने अकरा टक्के मते नाहीशी झाली.

१० डिसेंबरला बोलोत्नाया चौकात आणि २४ डिसेंबरला सखारोव मार्गावर सोव्हिएत संघाच्या अस्तानंतरची सर्वांत मोठी निदर्शने झाली. छातीवर पांढरी फीत हे त्यांचे चिन्ह. पोलिसांच्या मते बोलोत्नायाला २५ हजार लोक होते, आयोजकांचा आकडा कितीतरी मोठा. उदारमतवादी, डावे, राष्ट्रवादी, असे सगळे एका मंचावर आले. मात्र मंचाखालची गर्दी पाहिली तर मोठा भाग उच्चशिक्षित मॉस्कोकरांचा होता, हे लेवादा केंद्र या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत स्पष्ट दिसले.

सरकारने नेमके याच गोष्टीवर बोट ठेवले. १५ डिसेंबर २०११ रोजी पुतिन यांच्या दूरचित्रवाणीवरील प्रश्नोत्तरांत उरलमधल्या रणगाडा कारखान्याचे इगोर खोल्मान्स्कीख पडद्यावर आले. पोलिसांना जमत नसेल तर आपण आपले गडी घेऊन मॉस्कोत येऊ, असे त्यांनी सांगितले. मे २०१२ मध्ये पुतिन यांनी त्यांना उरल विभागातले आपले प्रतिनिधी नेमले. खरा रशिया कारखान्यात घाम गाळतो आणि मॉस्कोतले खुशालचेंडू चौकात फिरतात, हे चित्र त्यानंतर वर्षानुवर्षे रंगवले गेले.

सवलत आणि शिक्षा दोन्ही एकाच वेळी आल्या. पक्षनोंदणीसाठी ४० हजार सदस्यांची अट ५०० वर आली आणि गव्हर्नरांच्या निवडणुका परतल्या. पण उमेदवाराला स्थानिक नगरसेवकांच्या सह्यांची चाळणी लावली गेली. ६ मे २०१२च्या विरोधकांच्या मोर्चानंतर तीसहून अधिक जणांवर खटले भरले गेले, आणि त्यांत बहुतेक साधी, अप्रसिद्ध माणसे होती. निदर्शनांसाठीचा दंड व्यक्तीला ३ लाख रूबलपर्यंत वाढला. परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांवर ‘परकीय हस्तक’ असा शिक्का मारणारा कायदाही त्याच वर्षीचा.

या मुशीतून वर आले ते अलेक्सेय नवाल्नी. सप्टेंबर २०१३ मध्ये मॉस्कोच्या महापौरपदासाठी त्यांना २७ टक्के मते मिळाली. त्यांची पद्धत नवी होती : भ्रष्टाचाराचे पुरावे कागदोपत्री शोधायचे, त्यावर चित्रफीत करायची आणि शहरोशहरी कार्यालये उघडायची. मार्च २०१७ मध्ये मेद्वेदेव यांच्या मालमत्तेवरील चित्रफितीनंतर ऐंशीहून अधिक शहरांत निदर्शने झाली. विशीच्या आतली मुले पहिल्यांदाच इतक्या संख्येने दिसली. २०१९ मध्ये मॉस्को शहर ड्यूमासाठी विरोधी उमेदवारांचे अर्ज बाद झाले, तेव्हा नवाल्नी यांनी ‘शहाणे मतदान’ हा डाव टाकला. सत्ताधाऱ्यांना पाडू शकेल अशा कोणालाही मत द्या, मग तो कम्युनिस्ट का असेना. ४५ पैकी २० जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून निसटल्या. व्यवस्थेबाहेरच्या विरोधकांनी व्यवस्थेतल्या पक्षांचा उपयोग करून घेतला, असे क्वचितच घडले आहे.

मॉस्कोबाहेर

एवढ्यावरच थांबले तर चित्र अपुरे राहते, आणि बहुतेक लिखाण इथेच थांबते ही माझी तक्रार आहे.

जानेवारी २००५ मध्ये निवृत्तांची मोफत बस आणि औषधे काढून त्याबदली तुटपुंजी रोख रक्कम देण्याचे धोरण आले. म्हाताऱ्या माणसांनी भर हिवाळ्यात रस्ते अडवले. सरकारने निवृत्तिवेतन वाढवले, अनेक प्रदेशांत मोफत प्रवास परत आला. २०१५ मध्ये मालट्रकचालक नव्या पथकराविरुद्ध उभे राहिले. अर्खांगेल्स्क प्रदेशातल्या शियेस या आडगावच्या रेल्वे स्थानकाजवळ मॉस्कोचा कचरा टाकायचे ठरले, तेव्हा लोकांनी २०१८ पासून तिथे छावणी मांडली. उत्तरेकडच्या थंडीत, जंगलात, पाळ्या लावून ते राहिले. २०२० मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला आणि गव्हर्नरांनाही जावे लागले. मे २०१९ मध्ये येकातेरिनबुर्गमध्ये नाट्यगृहाजवळच्या बागेत चर्च बांधायला लोकांनी विरोध केला. पाहणी झाली, ७४ टक्के लोक त्या जागेविरुद्ध निघाले, जागा बदलली. ऑगस्ट २०२० मध्ये बाश्कोर्तोस्तानात कुश्ताऊ नावाचा डोंगर सोड्याच्या कारखान्यासाठी फोडायला घेतला गेला. बाश्कीर, तातार, रशियन असे सगळे त्याच्या पायथ्याशी ठाण मांडून बसले आणि डोंगर संरक्षित ठरला.

याच उन्हाळ्यात खबारोव्स्क पेटले. चीनच्या सीमेजवळच्या या शहरात सर्गेय फुर्गाल यांना २०१८ मध्ये सुमारे ७० टक्के मते देऊन लोकांनी गव्हर्नर केले होते. ९ जुलै २०२० रोजी त्यांना जुन्या खुनांच्या आरोपाखाली अटक झाली. त्यानंतर शनिवारमागून शनिवार हजारो लोक चालत राहिले, पहिल्या काही आठवड्यांत हजारांचे दशहजार झाले. आरोप खरे की खोटे हा त्यांचा मुख्य मुद्दा नव्हता. खटला इथे, आमच्यासमोर चालवा, ही मागणी होती. फुर्गाल यांना २०२३ मध्ये २२ वर्षांची शिक्षा झाली.

कारीन क्लेमाँ या समाजशास्त्रज्ञ बाईंनी अशा आंदोलनांचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्यांचे म्हणणे असे की रशियन माणूस राजकारणात शिरतो तो घराच्या दारातून. अंगण, बाग, कचरा, निवृत्तिवेतन. ‘आमचा राजकारणाशी संबंध नाही’ हे वाक्य तो ढाल म्हणून वापरतो, कारण त्यामुळे अधिकारी वाटाघाटीला तयार होतो. हीच ढाल त्याला पुढच्या गावाशी जोडून घेण्यापासून रोखते. कुश्ताऊ वाचवणाऱ्यांपैकी एक प्रमुख नाव फाइल अल्सिनोव. जानेवारी २०२४ मध्ये एका भाषणावरून बायमाक शहरात त्यांना चार वर्षांची शिक्षा सुनावली गेली. कडाक्याच्या थंडीत हजारो लोक न्यायालयाबाहेर जमले, लाठ्या आणि अश्रुधूर चालला, आणि डझनावारी लोकांवर खटले झाले. २०२० मध्ये जिंकलेला माणूस २०२४ मध्ये तुरुंगात गेला. स्थानिक आंदोलनाला पूर्वी मिळणारी मुभा आता राहिलेली नाही, याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा नसेल.

एकट्याचे निदर्शन

कायद्याची यंत्रणा कशी चालते ते थोडे जवळून पाहू. २००४च्या कायद्यानुसार सभेसाठी परवानगी लागत नाही; दहा ते पंधरा दिवस आधी कळवायचे असते. पण प्रशासन ‘दुसरी जागा घ्या’ असे सुचवू शकते, आणि ती नाकारली की सभा बेकायदा. मग राहते एकट्याचे निदर्शन, ज्याला कळवावे लागत नाही. म्हणून रशियात निदर्शकांची रांग लागते. एक जण फलक धरून उभा, बाकीचे दूर पदपथावर वाट पाहतात, त्याची वेळ संपली की दुसरा फलक हाती घेतो. पोलिसांनी यालाही ‘रांग म्हणजे सामूहिक निदर्शन’ असे ठरवले. मार्च २०२२ मध्ये कोरा कागद धरून उभ्या राहिलेल्यांनाही कैद्यांच्या गाडीत बसवले गेले. मॉस्कोच्या मेट्रोत चेहरा ओळखणारे कॅमेरे आहेत. पूर्वीच्या निदर्शकांना महत्त्वाच्या दिवशी फाटकावरच अडवले जाते, म्हणजे माणूस चौकात पोहोचतच नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये नवाल्नी यांच्यावर विषप्रयोग झाला, जानेवारी २०२१ मध्ये ते परत आले आणि विमानतळावरच पकडले गेले. २३ आणि ३१ जानेवारीला शंभराहून अधिक शहरांत लोक उतरले. याकुत्स्कमध्ये तापमान उणे ५० अंशांच्या आसपास होते. दोन दिवसांत मिळून नऊ हजारांहून अधिक लोक पकडले गेले. त्याच वर्षी त्यांची संघटना ‘अतिरेकी’ ठरली आणि डिसेंबरात ‘मेमोरियल’ ही सोव्हिएत दडपशाहीच्या नोंदी ठेवणारी संस्था बंद करण्याचा आदेश निघाला. युद्ध सुरू होण्याआधीच विरोधाची घडी मोडली गेली होती, हे लक्षात घ्यायला हवे.

युद्धाविरुद्ध लोक उतरलेच नाहीत, हेही खरे नाही. ‘ओव्हीडी-इन्फो’ या संस्थेच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये युद्धविरोधी कृतींसाठी १९ हजारांहून अधिक वेळा लोकांना ताब्यात घेतले गेले. ४ मार्चच्या कायद्याने सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत तुरुंगवास ठेवला. मॉस्कोचे नगरसेवक अलेक्सेय गोरिनोव यांना सभेत बोलल्याबद्दल सात वर्षे, विरोधी राजकारणी व्लादिमीर कारा-मुर्झा यांना २५ वर्षे. सप्टेंबरातल्या सैन्यभरतीविरुद्ध दागेस्तान आणि याकुतियात स्त्रिया पुढे आल्या. १६ फेब्रुवारी २०२४ रोजी ध्रुववृत्तातल्या खार्प येथील तुरुंगात नवाल्नी यांचा मृत्यू झाला. फुले वाहायला आलेल्या शेकडो जणांना पकडले गेले, तरी मॉस्कोतल्या अंत्ययात्रेला हजारो लोक आले.

चार बाजू

पहिली बाजू समाजाच्या घडणीकडे बोट दाखवते. युरी लेवादा यांनी १९८९ मध्ये सुरू केलेल्या ‘सोव्हिएत माणूस’ या अभ्यासाचा वारसा पुढे नेणारे लेव गुदकोव म्हणतात की जुळवून घेण्याची आणि शासनावर विसंबण्याची सवय पिढ्यांनंतरही टिकून आहे. गुलनाझ शराफुतदिनोवा यांनी या मांडणीवर नेमकी टीका केली : ती माणसांना दोष देते आणि संस्था, माध्यमे, सत्ता यांना मोकळे सोडते. मला ही टीका पटते. वर सांगितलेली आंदोलने याच ‘सोव्हिएत माणसां’नी केली होती.

दुसरी बाजू अर्थकारणाची. ब्रिन रोझेनफेल्ड यांनी २०११-१२च्या निदर्शनांवरून दाखवले की मध्यमवर्ग वाढला की लोकशाही येते हा ठोकताळा रशियात लागू पडत नाही, कारण मध्यमवर्गाचा मोठा हिस्सा सरकारी पगारावर आहे. शिक्षक, डॉक्टर, अधिकारी यांना गमावण्यासारखे फार असते, आणि मतदान केंद्रांवर बऱ्याचदा शिक्षकच बसलेले असतात.

तिसरी बाजू दडपशाहीला आणि माहितीच्या नियंत्रणाला केंद्रस्थानी ठेवते. सर्गेय गुरियेव आणि डॅनियल ट्रीसमन यांच्या मते पुतिन यांची पहिली वीस वर्षे धाकापेक्षा प्रतिमेवर चालली, नंतर राजवट जुन्या धाकाकडे वळली. समाजमाध्यमांचा परिणामही सरळ नाही. ‘व्हीकॉन्टाक्टे’ हे रशियन समाजमाध्यम जिथे जास्त पसरले होते तिथे २०११ मध्ये निदर्शने होण्याची शक्यता वाढली. पण त्याच अभ्यासात सरकारचा पाठिंबाही वाढलेला आढळला. लोकांचा असंतोष वाढला म्हणून मोर्चे वाढले असे नाही, एकमेकांना गाठणे सोपे झाले म्हणून वाढले, असा त्याचा अर्थ लावला जातो.

चौथी बाजू विरोधकांच्या चुकांची. ऑक्टोबर २०१२ मध्ये निवडलेली समन्वय परिषद वर्षभरातच विरली. क्रिमियाच्या प्रश्नाने २०१४ मध्ये राष्ट्रवादी आणि उदारमतवादी यांची उरलीसुरली मैत्री मोडली. क्रिमिया ताब्यात घेण्याला उघड विरोध करणारे नेम्त्सोव फेब्रुवारी २०१५ मध्ये क्रेमलिनशेजारच्या पुलावर मारले गेले. परदेशात गेल्यावर भांडणे वाढली. नवाल्नी यांची संघटना आणि माजी तेलउद्योगपती खोदोर्कोव्स्की यांच्या जवळचे लोक यांच्यात उघड आरोप-प्रत्यारोप झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये बर्लिनच्या मोर्चाआधी रशियन तिरंगा न्यावा की नाही यावरच मोठा वाद झाला. बिगर-रशियन समूहांचे कार्यकर्ते आणखी मूळ आक्षेप घेतात : मॉस्कोतल्या उदारमतवाद्यांच्या कल्पनेतल्या लोकशाहीत बाश्कीर, बुर्यात किंवा चेचेन माणसाची जागा कोणती, हे त्यांनी कधी नीट सांगितले नाही. मला या चारही बाजूंत हा आक्षेप सर्वांत कमी ऐकला गेलेला वाटतो.

अजून न सुटलेले

पहिला प्रश्न मोजण्याचा. ज्या देशात उत्तरासाठी तुरुंग होऊ शकतो तिथे जनमत पाहणीवर किती विश्वास ठेवायचा? २०१५ मध्ये टिमथी फ्राय आणि सहकाऱ्यांनी थेट उत्तर न मागता यादीतून मत काढून घेण्याची पद्धत वापरली, तेव्हा पुतिन यांची लोकप्रियता मोठ्या प्रमाणात खरीच निघाली. एप्रिल २०२२ मध्ये युद्धाबद्दल त्याच पद्धतीने विचारले गेले तेव्हा थेट प्रश्नाला मिळालेला ६८ टक्के पाठिंबा ५३ टक्क्यांवर आला. तफावत आहे, पण ‘सगळे मनातून विरोधात आहेत’ असे म्हणण्याइतकी ती मोठी नाही. प्रत्यक्ष गावांत राहून केलेल्या अभ्यासांत पाठीराखे आणि विरोधक यांच्यामधला एक मोठा गट आढळतो, ज्याला युद्ध नको आहे आणि पराभवही नको आहे. त्यांना कुठल्या रकान्यात घालायचे यावर एकमत नाही.

दुसरा प्रश्न देश सोडण्याचा. २०२२ पासून लाखो लोक बाहेर गेले, आणि त्यांत विरोधाचे मनुष्यबळ मोठे होते. बाहेरून केलेले राजकारण आत किती पोहोचते? १७ मार्च २०२४ रोजी दुपारी बारा वाजता मतदान केंद्रांवर रांगा लावण्याच्या आवाहनाला मॉस्को, पीटर्सबुर्गमध्ये प्रतिसाद मिळाला. त्याआधी जानेवारीत युद्धविरोधी उमेदवार बोरिस नादेझ्दिन यांच्यासाठी सही करायला लोक थंडीत तासन्‌तास उभे राहिले. आयोगाने सह्या बाद ठरवून अर्ज फेटाळला. या रांगा विरोधाचे बळ दाखवतात की फक्त कायद्याच्या चौकटीत करता येण्याजोगी शेवटची गोष्ट, यावर दोन मते आहेत आणि दोन्हींना आधार आहे.

तिसरा प्रश्न वरून येणाऱ्या बदलाचा. जून २०२३ मधल्या, भाडोत्री सैन्याचे प्रमुख प्रिगोझिन यांच्या बंडात रोस्तोवच्या रस्त्यावर लोकांनी बंडखोरांना टाळ्या वाजवल्या आणि सरकारच्या बचावाला फारसे कोणी आले नाही. राजवटीचा पाठिंबा निष्क्रिय आहे असा त्यावरून काहींनी निष्कर्ष काढला. पण त्या टाळ्यांत लोकशाहीची मागणी होती, असे म्हणायला काहीच आधार नाही.

आपल्या माहितीचे झरेही आटत चालले आहेत. लेवादा केंद्रावर २०१६ पासून परकीय हस्तकाचा शिक्का आहे. २०११ मध्ये मतदानातील गैरप्रकारांची नोंद देशभर करणाऱ्या ‘गोलोस’ या निरीक्षक संस्थेचे सहअध्यक्ष ग्रिगोरी मेल्कोन्यान्त्स यांना मे २०२५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी जुलैत ‘गोलोस’ने आपले काम बंद केल्याचे जाहीर केले.